रंग तेवढा वेगळा

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि पडेगावच्या त्या मंगल कार्यालयाच्या पटांगणात दीडशे माणसं आपापल्या लघवीची बाटली हातात घेऊन, सूर्याकडे तोंड करून उभी होती.

बाटल्या सगळ्या एका मापाच्या, काचेच्या, झाकणाला पिवळा दोरा बांधलेल्या. मंचावरून खूण झाली आणि दीडशे हात एकदम वर गेले. उन्हात बाटल्या चमकल्या. कुणाची फिकट गुलाबी, कुणाची डाळिंबाच्या रसासारखी, दोघाचौघांची तर बघवत नाही इतकी लाल.

"निघालं का?" मंचावरून फळमहाराजांनी विचारलं.

"निघालं!"

"काय निघालं?"

"इख निघालं!"

बायका हात जोडून रडत होत्या. एका म्हाताऱ्याने स्वतःची बाटली कपाळाला लावली. ज्यांच्या बाटल्या साध्या पिवळ्या होत्या, ते मान खाली घालून मागच्या रांगेत सरकले. श्रद्धा कमी पडली की रंग येत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं.

जहांगीर फाटकाजवळ आपल्या टेम्पोला टेकून हे बघत होता. शहागंजात त्याचं फळांचं दुकान. बापापासूनचा धंदा, वय अठ्ठावन्न. गेले चार महिने महाराजांना लागणारी फळं तोच पोचवत होता. एरवी माल उतरवायचा आणि निघायचं, ही त्याची रीत. आज टेम्पो गाड्यांच्या गर्दीत अडकला म्हणून थांबला, आणि थांबला म्हणून पहिल्यांदा हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं.

महाराज आता रंगात आले होते.

"हे अग्निकमळ!" त्यांनी ड्रॅगन फ्रूट उंच धरलं. "हिमालयात, बर्फाच्या गुहेत, बारा वर्षांत एकदा येतं. आणि हे नक्षत्रफळ!" दुसऱ्या हातात पाच धारांचं पिवळं कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. आडवं कापून त्यांनी चांदणीच्या आकाराची चकती लोकांना दाखवली. "देवानं आकाशातली चांदणी फळात कोंडली, ती काय उगाच? अग्निकमळ इख बाहेर काढतं, नक्षत्रफळ मागं राहिलेलं झाडून नेतं. आणि डॉक्टर काय करतो? मशीन लावतो! अरे, कपडे धुवायची मशीन घरात हाय, आता रक्त धुवायची पण घ्या म्हणतो. उद्या म्हणंल, इस्त्री पण करून देतो!"

हशा पिकला. जहांगीरही जरा हसला. बर्फातलं हे अग्निकमळ काल दुपारी सोलापूरकडच्या गाडीतून उतरलं होतं. ते निवडुंगाच्या जातीचं, सिमेंटच्या खांबावर चढवतात. कमी पाण्यावर येतं, पण मुळाशी पाणी साचलेलं आणि कडाक्याची थंडी त्याला खपत नाही. बर्फात एक रात्र टिकणार नाही. कमरखाची तऱ्हा नेमकी उलटी. त्याला ओल हवी, दमट हवा हवी. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात फूल गळतं, म्हणून माल कोकणातून येतो. हिमालयाशी दोघांचाही संबंध नाही. पण गिऱ्हाईक मालाला काय नाव देतं, हे बघणं जहांगीरचं काम नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक पांढरा सदरा वळला आणि जहांगीरचं हसू तिथंच थांबलं. तो नानासाहेब होता.

नानासाहेब म्हणजे दौलताबादकडच्या सीताफळाच्या बागेचा मालक. पण बाग बायकोने सांभाळली. त्याने बावीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मापं तपासण्यात काढली. कड्यात गेज घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाद. दर हंगामाची सीताफळं जहांगीरच्याच दुकानात येत. तीस वर्षांची ओळख. ईदेला शीरखुर्मा तिकडे, दिवाळीचा फराळ इकडे.

"जहांगीरभाई! तुम्ही पण?"

"मी माल घेऊन आलोय. तुम्ही इथं काय करताय?" जहांगीरने त्याच्या हातातली बाटली पाहिली. गडद गुलाबी. "सोमवारी तुमची ती नस जोडायची होती ना, डायलिसिससाठी?"

"रद्द केली."

"नानासाहेब!"

"आधी ऐकून तर घ्या." नानासाहेबाच्या पायांवर सूज होती, तोंड फिकुटलं होतं, पण आवाज तोच, तपासणी खात्यातला. "मी काय ह्या टाळ्या वाजवणाऱ्यांतला नाय. मी तपासून बघितलं. ड्रॅगन फ्रूट पांढरंबी असतं अन् लालबी, हे मला ठावं हाय. म्हणून दोन हप्त्यांमागं तुमच्या दुकानात आलो, लाल गराचं मागितलं. आठवतं?"

जहांगीरला आठवलं.

"तुम्ही पांढरं दिलं. म्हणालात, रंग तेवढा वेगळा, बाकी माल एकच. तुमच्या शब्दावर मी रोज दोन, असं तीन दिवस खाल्लं. लघवी पिवळीच. मग महाराजांचं मंतरलेलं खाल्लं, दुसऱ्या दिवशी ही अशी. माल एकच, खाणारा एकच. मग फरक कशाचा? मंत्राचाच ना? बावीस वर्षं हेच केलंय भाई मी. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या."

त्या दिवशी दुकानात लाल गराचं फळ नव्हतंच. गुलमंडीच्या बायका ते कापून बघत आणि "अगं बाई, रक्तासारखं" म्हणून परत आणत, म्हणून सुट्या विक्रीला तो पांढरंच ठेवायचा. लाल माल येईल तेवढा, खोक्यावर निळ्या खडूची फुली मारून, इकडे. सांगणं महाराजांच्या व्यवस्थापकाचं, गोकुळचं होतं: पहिल्या आठवड्याच्या लोकांना बिनफुलीची पांढरी खोकी, दुसऱ्या आठवड्याला फुलीवाली; सरमिसळ झाली तर माल परत. का, हे जहांगीरने कधी विचारलं नव्हतं. आणि जुना मित्र रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून तो वाक्य बोलून गेला होता. दिवसातून वीस वेळा बोलायचं वाक्य. आंबा असो, द्राक्ष असो, रंग तेवढा वेगळा.

"नानासाहेब, ते मी जे बोललो..."

"बोलणं बंद!" गोकुळ कर्णा घेऊन आला. "शेवटच्या पायरीचे रुग्ण आत चला. आजपासून तीन दिवस मौन. फोन पिशवीत टाका. जहांगीरशेठ, टेम्पो काढा, रस्ता मोकळा झालाय."

बोलायला एक मिनिट पुरलं असतं. गोकुळ महाराजांचा माणूस, आणि महाराज दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. जहांगीरने टेम्पो काढला. आरशात त्याला दिसलं, नानासाहेब रांगेत उभा राहून पिवळ्या रसाचा पेला तोंडाला लावत होता. शेजारी त्याची बायको सारजाबाई पदर सावरून उभी होती.

दुपारी उशिरा, चारच्या सुमारास दुकानातून घरी आल्यावर जेवताना त्याने मुलीला सगळं सांगितलं. नौशीन एका रुग्णालयात डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती. घास हातात धरून ती ऐकत राहिली, आणि आधी हसली.

"अब्बा, बीट खाल्लं की काय होतं? लघवी लाल होते. तसंच हे. लाल गरात जो रंग असतो तो काहींच्या पोटात पुरता मोडत नाही, तसाच लघवीत उतरतो. सगळ्यांना येत नाही. कुणाला गुलाबी, कुणाला लाल, कुणाला काहीच नाही. पांढऱ्या गरात तो रंगच नाही, तर येणार कुठून? विष-बिष काही नाही."

"म्हणजे फरक होता."

"एवढा एकच होता. बाकी पाणी, चोथा, थोडं क जीवनसत्त्व. बरं फळ आहे, पण औषध नाही. आणि त्यातलं पोटॅशियम किडनीवाल्याला मोजूनच द्यावं लागतं."

आता जहांगीरला आठवलं. गोकुळ एकदा चहा पिताना बोलून गेला होता की महाराजांचं मूळ नाव बद्रीनाथ, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचं बसस्थानकासमोर ज्यूस सेंटर होतं. बीटचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी घाबरून परत येणारी माणसं त्याने किती पाहिली असतील! आजार निघाला असं समजून कुणीतरी त्याचे पाय धरले असतील, आणि बद्रीनाथला धंदा सापडला असेल.

"आणि मग झाडून न्यायला म्हणून कमरखाचा रस देतात," तो म्हणाला.

नौशीनने घास ताटात ठेवला. "काय देतात?"

"कमरख. पेलाभर. चांगलं फळ आहे ना? साखर कमी, क जीवनसत्त्व भरपूर. मीच सांगतो गिऱ्हाइकांना."

"तुम्हाला, मला चांगलं. अब्बा, आमच्या विभागाच्या भिंतीवर त्याचं चित्र लावलंय, वर फुली मारून! त्यात एक विष असतं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, आपल्याला कळतही नाही. ज्याची किडनी गेलीय त्याच्या रक्तात ते साचतं, मेंदूत चढतं. आधी उचक्या लागतात, थांबत नाहीत. मग माणूस बडबडतो, मग झटके. तातडीने डायलिसिस केलं तर कधी वाचतो. कधी नाही." ती उठून उभी राहिली. "नाना काकांनी पेला घेतला?"

जहांगीर चपला घालत होता.

पडेगावला पोचेपर्यंत पाच वाजले. फाटकाला कुलूप. नानासाहेबाचा फोन बंद, सारजाबाईचाही. गोकुळ आतून म्हणाला, "मौन चालू हाय शेठ. सकाळी दर्शनाला या."

"अरे, त्यांना ते पिवळं फळ देऊ नका. माझी मुलगी दवाखान्यात काम करते."

"फळ तर तुमच्याच दुकानचं हाय," गोकुळ म्हणाला आणि आत गेला.

नौशीनने पोलिसांना फोन केला. फळं वाटतायत, एवढीच तक्रार आहे का, असं तिकडून विचारण्यात आलं. ती समजावत राहिली. मग तिकडून फोन ठेवला गेला.

घरी येऊन जहांगीरने निळ्या फुलीच्या खोक्यातली चार फळं काढली, कापली आणि एकट्याने सगळी खाल्ली. पहाटे त्याने रिकामी बाटली घेतली. रंग आला होता. कधी नव्हे तो स्वतःच्या लघवीकडे बघून त्याला धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार खोकी पुढ्यात धरून आत शिरला. माल आणणाऱ्याला कुणी अडवत नाही. पटांगणात तीच गर्दी, त्याच बाटल्या. नानासाहेब मंचाजवळ खुर्चीवर होता, आणि दर पाच-सात श्वासांनंतर त्याचं अंग उचकीने उडत होतं.

"बघा!" महाराज म्हणत होते. "आजार उंबऱ्यापाशी आलाय. बाहेर पडायला धडपडतोय. टाळ्या वाजवा, त्याला वाट दाखवा!"

उचकी आली की दीडशे माणसं टाळी वाजवत होती.

जहांगीर खोकी ठेवून मंचावर चढला. आयुष्यात त्याने कधी भाषण केलेलं नव्हतं. त्याने खिशातून बाटली काढून उंच धरली.

"मी जहांगीर, शहागंजातला फळवाला. ही माझी बाटली. महिन्यापूर्वी विम्यासाठी सगळ्या तपासण्या झाल्या, माझ्या किडन्या ठणठणीत आहेत. मंत्र नाही, काही नाही. रात्री लाल गराची चार फळं खाल्ली. माझ्यातून कुठलं विष निघालं?"

कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी एक पळ डोळे मिटले, मग जहांगीरच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"बिचारा! याला ठाऊकच नाही. मशीनला सापडला नाही तो आजार अग्निकमळानं धरला! बाळा, योग्य वेळी आलास."

टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्या एका बाईने डोळे पुसत म्हटलं, "भाऊ, तुमीबी तीन दिस राहून जा. लई गुण येतो."

जहांगीरने खाली उतरून खोकी उघडली. "मंत्र फळात आहे ना? मग बघा. न कापता सांगतो. हे गोल, पाकळ्या आखूड: लाल. हे लांबट, पाकळ्यांची टोकं हिरवी: पांढरं. लाल. लाल. पांढरं." त्याने एकेक फळ कापून पुढे केलं. पाचच्या पाच बरोबर. "पहिल्या आठवड्यात हे तुम्हाला पांढरं देतात, म्हणून रंग येत नाही. दुसऱ्या आठवड्यात लाल. निवड मी करतो, खोक्यावर फुली मी मारतो. आता महाराजांनी या पांढऱ्यावर मंत्र म्हणावा. ते खाऊन एकाची जरी लघवी लाल झाली, तर मी दुकान यांच्या नावावर करतो."

"देवाची परीक्षा घ्यायची नसते," महाराज शांतपणे म्हणाले.

"बरोबर हाय!" मागून आवाज आला. "अन् तुमी कोण घेणार परीक्षा? तुमच्यात बाबा-पीर नसत्यात व्हय?"

"असतात की," जहांगीर म्हणाला. "त्यांच्याकडे बाटली घेऊन जाणाऱ्यालाही मी हेच सांगीन."

पण गर्दी बघता बघता हिंदू-मुसलमान अशा दोन बाजूंची झाली होती, आणि फळाचं कुणालाच पडलेलं नव्हतं. जहांगीरने तिच्याकडे पाठ केली आणि नानासाहेबापुढे गुडघ्यावर बसला.

"नानासाहेब. त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं."

नानासाहेबाने त्याच्याकडे पाहिलं. नजर स्थिर राहत नव्हती.

"रंग तेवढा वेगळा म्हणालो. त्या रंगातच सगळं होतं. माझ्याकडे लाल माल नव्हता, म्हणून बोललो. तुमची तपासणी बरोबर होती. माल मी चुकीचा दिला."

उचकी आली. टाळी वाजली, पण या वेळी मोजक्या माणसांची. नानासाहेबाचे ओठ हलले. बराच वेळ लावून, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "गेज... चुकीचा... होता."

"हो."

"मग... माप... बाद."

"बाद. उठा, दवाखान्यात जायचंय. तो पिवळा रस तुमच्या अंगात विष झालाय."

सारजाबाई पुढे आली. दोघांच्या मध्ये सापडल्यासारखी तिने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "पर भाऊजी, अर्ध्यावर सोडलं तर उलटतं म्हणत्यात."

"वहिनी, उलटलंच आहे. बघा ना त्यांच्याकडे."

तिने बघितलं. मग नवऱ्याच्या काखेत हात घातला. गोकुळ आडवा आला, तशी ती म्हणाली, "सर बाजूला." एवढंच.

टेम्पोत खोक्यांच्या मध्ये त्याला निजवलं. छावणीच्या अलीकडे पहिला झटका आला. नौशीनने मशीन तयार ठेवलं होतं. चार तास डायलिसिस झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं. नानासाहेब शुद्धीवर आला नाही. नवव्या दिवशी दुपारी गेला.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. महाराजांनी मंचावरून सांगितलं की मौन मोडून, उपचार अर्ध्यावर सोडून गेल्याने एक भक्त दगावला. आणि मौनाचे तीन दिवस पाच केले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करायला जहांगीर गेला. घरच्या माणसाचा जबाब हवा, असं त्याला सांगण्यात आलं. नानासाहेबाचा मुलगा विश्वजीत म्हणाला, "काका, वडील बाटली घेऊन उभे होते, हे चारचौघांत लिहून देऊ? जाऊ द्या." जहांगीरने माल बंद केला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा टेम्पो पडेगावला गेला. खोक्यांवर कुणीतरी निळी फुली मारायला शिकला असणार.

दुकानात आता तो दोन्ही माल ठेवतो आणि विचारलं नाही तरी सांगतो: लाल घेतलं तर उद्या लघवी लाल होईल, रंग आहे, घाबरू नका. बहुतेक जण हसतात. परवा एकाने आवाज बारीक करून विचारलं, "म्हणजे महाराजांकडं जातं तेच का हे? मग दोन किलो द्या."

महिन्याने सारजाबाई आली. हंगामातली पहिली सीताफळं घेऊन, स्वतः. हिशेबाचं काही बोलली नाही. पाटीतलं एक ड्रॅगन फ्रूट उचलून विचारलं, "हे लाल का?"

"लाल."

"दोन द्या. मंतरलेली नगंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला.

"भाऊजी, लाल झाली."

जहांगीर फोन घेऊन दाराबाहेर आला.

"मला तर काय बी आजार नाय," ती म्हणाली. "यांनी मागितलं तवा द्यायला पायजे होतं तुमी हे. यांना कळलं असतं. त्यांचं डोकं चालत हुतं."

"हो, वहिनी."

"आता लिहा ते. दुकानावर लिहा. मोठ्या अक्षरात."

त्याने फळा आणला. मराठीत त्याने लिहिलं, खाली उर्दूत नौशीनने. खडू हातात होता तो निळाच. पाच वेळा पुसून शेवटी राहिलं ते असं:

"लाल गराचं ड्रॅगन फ्रूट खाल्लं की लघवी लाल होऊ शकते. तो फळाचा रंग आहे. त्यात विष नाही, चमत्कार नाही. खोटं वाटत असेल तर स्वतः खाऊन बघा, पण पांढरं आणि लाल दोन्ही खाऊन बघा. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं एकही खाऊ नका, आणि कमरख तर अजिबात नाही, थेंबभरही नाही. उचकी थांबत नसेल तर टाळी वाजवू नका, दवाखाना गाठा. कुणी काही दाखवलं तर एकच विचारा: हे मंत्राशिवाय होतं का? आणि उत्तर देणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. माझ्यासुद्धा."

फळा दुकानाच्या खांबाला टांगला तेव्हा गुरुवार होता, सकाळचे साडेआठ वाजले होते. पडेगावच्या दिशेने एक जीप चालली होती. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून बाटलीचं पिवळ्या दोऱ्याचं झाकण वर आलं होतं. जीप दुकानासमोर गर्दीत अडकून मिनिटभर थांबली. बाईने फळ्याकडे पाहिलं, ओठ हलवत पहिली ओळ वाचली. दुसरीपर्यंत नजर आली, तेवढ्यात रस्ता मोकळा झाला.